साइट किती माणसं पेलते, हे पाइपलाइनलाच विचारा

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविन पोर्टलवर लशीची नोंदणी सुरू झाली. सुरुवातीला सगळीकडून एकच ओरड होती: पान उघडत नाही, ओटीपी येत नाही. पोर्टल सावरलं आणि त्या एका दिवसात एक कोटी तीस लाखांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. कुठल्याही वेबसाइटबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात, ते या एका दुपारी दिसून आले. साइट नीट चालते का? आणि सगळे एकदम आले तरी चालते का? पहिल्याचं उत्तर टेस्टिंगमध्ये शोधलं जातं. दुसऱ्याचं उत्तर अजूनही बऱ्याच ठिकाणी गर्दीच्या दिवशी गिऱ्हाईकच देतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या ऐरोली, रबाळे, महाप्याच्या ऑफिसांमधून डिप्लॉयमेंट, म्हणजे नवा कोड साइटवर चढवणं, आता बहुतांशी आपोआप होतं. डेव्हलपर कोड पुश करतो, जेनकिन्स किंवा गिटलॅब हे साधन तो उचलतं, बिल्ड (चालवायला तयार प्रत) होतो, युनिट टेस्ट (कोडच्या सुट्या तुकड्यांच्या) चालतात, टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर डिप्लॉय होतो, आणखी काही टेस्ट होतात आणि मग प्रॉडक्शन, म्हणजे गिऱ्हाईक वापरतात ती खरी साइट. या साखळीलाच पाइपलाइन म्हणतात. एखादी पायरी फेल झाली की पाइपलाइन लाल होते आणि बदल पुढे सरकत नाही. एवढं सगळं आपोआप होत असताना लोड टेस्ट, म्हणजे साइट किती गर्दी पेलते याची चाचणी, मात्र रिलीजच्या आदल्या आठवड्यात, वेगळ्या टीमकडून, एकदाच उरकली जाते. जाडजूड पीडीएफ येतो आणि त्यात 'चेकआउट संथ आहे' असं लिहिलेलं असतं. तोवर तीन महिन्यांचे शेकडो कमिट (कोडमधले नोंदवलेले बदल) एकमेकांवर चढलेले असतात. कुठल्या कमिटने चेकआउट संथ केलं, हे आता कोण आणि कसं शोधणार?

हीच टेस्ट रोज चालली असती तर काल रात्री साइट वेगात होती, आज संथ आहे आणि मधे दहाबारा कमिट आहेत, एवढं समोर आलं असतं. तेवढ्यातून दोषी बदल दुपारच्या जेवणाआधी सापडतो. म्हणून लोड टेस्ट पाइपलाइनमध्येच असावी, लहान असावी, वरचेवर व्हावी आणि तिला डिप्लॉय थांबवायचा अधिकार असावा, असं मला ठामपणे वाटतं.

समजायला एक काल्पनिक साइट घेऊ. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून हापूसच्या पेट्या घरपोच देणारी साइट. वर्षभर शांत, मार्च उजाडला की हालचाल आणि अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या आठवड्यात झुंबड. अशा साइटची लोड टेस्ट म्हणजे एका प्रोग्रामने शेकडो खोटी गिऱ्हाइकं एकदम साइटवर सोडायची. ती यादी बघतात, पेटी निवडतात, पत्ता भरतात, पैसे देतात. प्रत्येक पायरीला किती वेळ लागला, किती वेळा एरर आली, हे मोजायचं. अपाची जेमीटर, के-६, लोकस्ट, गॅटलिंग ही त्यासाठीची नेहमीची हत्यारं. जेमीटर जुनं आणि सर्वदूर पोचलेलं आहे. के-६ ची स्क्रिप्ट जावास्क्रिप्टमध्ये लिहितात आणि लोकस्टची पायथॉनमध्ये, त्यामुळे ती ॲपच्या कोडशेजारी त्याच रेपॉझिटरीत (कोडच्या साठवणीत) ठेवता येते, तिचाही रिव्ह्यू होतो. पाइपलाइनसाठी हे फार सोयीचं पडतं. जेमीटर वापरत असाल तर त्याची खिडकी स्क्रिप्ट बनवण्यापुरतीच उघडा. प्रत्यक्ष लोड कमांड लाइनवरून द्या, त्याची अधिकृत माहितीपुस्तिकाही हेच सांगते.

किती गर्दी आणायची?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू. 'हजार युजरची टेस्ट घ्या' असा निरोप वरून येतो. हजारच का, हे कोणीच सांगत नाही. आकडा हिशेबातून यायला हवा आणि हिशेब फार अवघड नाही.

समजा, गेल्या मोसमात सगळ्यात गर्दीच्या तासात ६,००० ऑर्डर आल्या. त्या तासभर सारख्या येत नाहीत. बुकिंग उघडल्या उघडल्या पहिल्या दहा मिनिटांतच २,००० आल्या. म्हणजे सेकंदाला ३.३ ऑर्डर. एका ऑर्डरमागे सर्व्हरकडे आठ रिक्वेस्ट जातात असं धरू. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ रिक्वेस्ट. आता एका वेळी साइटवर किती माणसं असतील? जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक नियम इथे कामाला येतो: आत असलेली माणसं म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकजण आत थांबतो तो वेळ. एक गिऱ्हाईक साधारण चार मिनिटं, म्हणजे २४० सेकंद साइटवर रेंगाळत असेल तर ३.३३ गुणिले २४०, बरोबर ८००.

मग स्क्रिप्टमध्ये ८०० व्हर्च्युअल युजर (खोटी गिऱ्हाइकं) टाकले की झालं? नाही. खरं माणूस पान वाचतं, 'देवगड घेऊ की रत्नागिरी' म्हणून घरात विचारतं, पत्ता टाइप करतं. हा मधला वेळ, ज्याला थिंक टाइम म्हणतात, स्क्रिप्टमध्ये घातला नाही तर व्हर्च्युअल युजर उत्तर आलं की त्याच क्षणी पुढची रिक्वेस्ट मारतो. उत्तराला ०.२ सेकंद लागत असतील तर एक युजर सेकंदाला पाच रिक्वेस्ट करेल आणि ८०० जण मिळून ४,०००. आपल्याला हव्या होत्या २७. जवळजवळ दीडशेपट! अशा टेस्टमध्ये साइट बसली म्हणून घाबरून मोठी मशीन घेतली जातात आणि त्यांचं बिल महिनोन्‌महिने भरलं जातं.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे आणि जास्त फसवी आहे. युजरची संख्या बांधलेली ठेवली की सर्व्हर संथ झाल्यावर व्हर्च्युअल युजरही वाट बघत बसतात. म्हणजे सर्व्हर दमला की टेस्ट आपणहून त्याच्यावरचा भार कमी करते. खरी माणसं असं करत नाहीत. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आरक्षण सकाळी आठला उघडतं तेव्हा ठाण्या-डोंबिवलीतले चाकरमानी 'सर्व्हर संथ आहे, जरा थांबू या' असं म्हणत नाहीत. नवे येतच राहतात आणि आधीचे रिफ्रेश मारत राहतात. म्हणून ठरावीक युजरऐवजी ठरावीक आवक-दर देणारी पद्धत वापरावी: उत्तर येवो न येवो, दर सेकंदाला इतकी नवी गिऱ्हाइकं येणारच. के-६ आणि गॅटलिंगमध्ये ही सोय आहे. सार्वजनिक साइटसाठी मी हीच निवडेन.

सरासरीवर विसंबू नका

समजा, टेस्टमध्ये १,००० रिक्वेस्ट गेल्या. ९४० ना ०.२ सेकंदात उत्तर मिळालं, ६० ना ८ सेकंद लागले. सरासरी काढली तर येते ०.६७ सेकंद. रिपोर्टमध्ये हा आकडा अगदी शोभून दिसतो. पण एकाही रिक्वेस्टला ०.६७ सेकंद लागलेले नाहीत! सरासरीने दोन अगदी वेगळे अनुभव एकत्र कालवून तिसराच, कोणालाच न आलेला अनुभव तयार केला.

म्हणून पी-९५ बघतात. सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेत लावल्या तर शंभरातली पंच्याण्णवावी कुठे पडते, तो हा आकडा. वरच्या उदाहरणात तो थेट ८ सेकंद येतो आणि दुखणं उघडं पडतं. कोणी म्हणेल, शंभरात सहाच तर संथ आहेत. पण आपल्या एका ऑर्डरमागे आठ रिक्वेस्ट आहेत. संथपणा सगळीकडे सारखा विखुरलेला असेल तर आठही रिक्वेस्ट झटपट होण्याची शक्यता ०.९४ चा आठवा घात, म्हणजे ६१ टक्के. उरलेल्या ३९ टक्के गिऱ्हाइकांना एकदा तरी आठ सेकंद फिरतं चक्र बघत बसावं लागणार. 'सहा टक्के' ऐकून निवांत झालेल्या टीमने हा गुणाकार एकदा कागदावर करून बघावा.

हा संथपणा एकाएकी का येतो? ऐरोली टोलनाक्यावर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला. त्याआधी रोज तिथून जाणाऱ्याला याचं उत्तर अनुभवाने माहीत होतं. बूथवर पावती फाडायला लागणारा वेळ तोच असायचा, गाड्या थोड्याच वाढायच्या आणि रांग मात्र कुठल्या कुठे जायची. क्यूइंग थिअरीचं, म्हणजे रांगांच्या गणिताचं, सगळ्यात साधं मॉडेल हेच सांगतं. एका रिक्वेस्टला निव्वळ काम ०.१ सेकंदाचं असेल आणि सर्व्हर ५० टक्के गुंतलेला असेल तर उत्तराला सरासरी ०.२ सेकंद लागतात. ८० टक्क्यांवर ०.५, ९० वर १ सेकंद, ९५ वर २ सेकंद. ८० वरून ९५ वर जाताना गर्दी पाचव्या हिश्श्यानेही वाढली नाही, वेळ मात्र चौपट झाला. म्हणून '१०० युजरला छान चालली, म्हणजे २०० लाही चालेल' हा अंदाज कामाचा नाही. मोजूनच बघावं लागतं.

क्लाउड आहे, आपोआप वाढेल?

ऑटोस्केलिंग आहे म्हणून लोड टेस्ट नको, असं म्हणणारे बरेच भेटतात. यंत्रणा गर्दी बघून नवी मशीन उभी करते हे खरं, पण त्याला वेळ लागतो. ॲपच्या प्रती चालवणाऱ्या कुबरनेटीस या यंत्रणेचा ऑटोस्केलर मुळात दर १५ सेकंदांनी आकडे तपासतो. मग नवा पॉड (ॲपची एक चालती प्रत), त्याची इमेज (तयार पॅकेज) उतरवणं, ॲप चालू होणं आणि जागाच नसेल तर आधी नवीन मशीन मागवणं. यात मिनिटं जातात आणि आपली २,००० गिऱ्हाइकं पहिल्या दहा मिनिटांतच आलेली असतात.

त्याहून मोठी अडचण म्हणजे पॉड वाढतात, डेटाबेस वाढत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये काही बदल केला नसेल तर एकूण १०० कनेक्शन (डेटाबेसशी जोडण्या) मिळतात आणि त्यातली तीन सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्यासाठी, राखीव असतात. जावा ॲपमध्ये हिकारी पूल (कनेक्शन हाताशी धरून ठेवणारं साधन) वापरला असेल तर तोही काही न बदलता प्रत्येक पॉडमागे १० कनेक्शन धरतो. म्हणजे दहाव्या पॉडलाच पूर्ण दहा मिळत नाहीत आणि अकराव्याला दार बंद. गर्दी वाढली म्हणून पॉड वाढले आणि पॉड वाढले म्हणून ॲप पडलं! हा प्रकार कुठल्याही युनिट टेस्टमध्ये दिसणार नाही. तो फक्त भार टाकल्यावर दिसतो.

आता एक बिघाड अगदी जवळून बघू. आपल्या साइटवर ऑर्डर घेताना कोड काय करतो? डेटाबेसच्या साठा टेबलात 'देवगड, ५ डझन' ही ओळ लॉक करतो, पेमेंट गेटवेला विचारतो, होकार आला की साठा एकाने कमी करतो आणि लॉक सोडतो. गेटवेला दोन सेकंद लागतात. टेस्टरने एकट्याने ऑर्डर करून बघितली: दोन सेकंदांत झाली, पास. आता अक्षय्य तृतीया. सेकंदाला ३.३ ऑर्डर येतात आणि त्यातल्या निम्म्या याच पेटीच्या, म्हणजे सेकंदाला १.६७. पण लॉक एकावेळी एकालाच मिळतो आणि तो दोन सेकंद धरून बसतो. या ओळीतून दोन सेकंदांत एकच ऑर्डर पार पडते, तोवर आणखी तीन येऊन उभ्या राहतात. मिनिटाभरात सत्तर जण अडकलेले असतात. गंमत म्हणजे सर्व्हरचा सीपीयू जेमतेम हललेला असतो, कारण सगळे नुसते वाट बघत आहेत. सीपीयूवर लक्ष ठेवणाऱ्या ऑटोस्केलरला सगळं आलबेल वाटतं.

लोड टेस्टमध्ये हे सापडेल का? ते स्क्रिप्टवर अवलंबून आहे. स्क्रिप्ट साठ प्रकारच्या पेट्यांमधून वाटेल ती निवडत असेल तर प्रत्येक ओळीवर भार नगण्य येईल आणि टेस्ट हिरवी होईल. खोटा पेमेंट गेटवे लगेच होकार देणारा असेल तरीही टेस्ट हिरवीच. म्हणून दोन गोष्टी मी आग्रहाने सांगतो. खऱ्या गिऱ्हाइकांचा ओढा जिथे आहे तिथेच स्क्रिप्टचाही ओढा ठेवा. आणि खोटा गेटवे खऱ्याइतकाच संथ बनवा. खऱ्या गेटवेवर किंवा एसएमएस सेवेवर मात्र लोड टाकू नका. ती दुसऱ्याची यंत्रणा आहे आणि प्रत्येक ओटीपीचे पैसे लागतात. दुरुस्ती तशी सरळ आहे: पेटी काही मिनिटांसाठी राखून ठेवल्याची नोंद करून लॉक ताबडतोब सोडायचा, पैशाचं नंतर बघायचं, आणि पैसे आले नाहीत तर राखीव पेटी परत साठ्यात.

डेटाचंही असंच. टेस्टच्या डेटाबेसमध्ये दोनशे ऑर्डर असतील तर इंडेक्स (शोध झटपट करणारी सूची) नसलेली क्वेरीही, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्नही, डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देते. प्रॉडक्शनमधल्या चाळीस लाख ओळींवर तीच क्वेरी साइट बसवते. नावं, फोन, पत्ते बनावट चालतील, तसेच असावेत. ओळींची संख्या मात्र खऱ्याच्या जवळपास हवी.

पाइपलाइनमध्ये कुठे बसवायची?

सगळ्या टेस्ट प्रत्येक पुशला चालवल्या तर डेव्हलपर वैतागतील आणि आठवड्याभरात कोणीतरी ती पायरी बंद करेल. म्हणून वाटणी करावी लागते. प्रत्येक मर्जला (बदल मुख्य कोडमध्ये मिसळताना) तीन ते पाच मिनिटांची छोटी टेस्ट, नेहमीच्या भाराच्या थोड्याच हिश्श्याची, फक्त मुख्य वाटेवर: यादी, पेटी, चेकआउट. रात्री पूर्ण भाराची अर्ध्यापाऊण तासाची. आठवड्यातून एकदा कित्येक तास चालणारी, कारण मेमरी गळत असेल (वापरून झालेली मेमरी ॲप सोडत नसेल) तर ती पाच मिनिटांत कळत नाही. आणि मोसमाच्या महिनाभर आधी साइट मोडेपर्यंत भार वाढवत नेणारी. ही शेवटची माणसांनी समोर बसून करावी, कारण साइट कशी मोडते आणि मोडल्यावर आपोआप उठते का, हे बघण्यासारखं असतं.

पाइपलाइनला आलेख कळत नाहीत. तिला फक्त एक्झिट कोड कळतो: शून्य म्हणजे पास, बाकी सगळं फेल. म्हणून स्क्रिप्टमध्येच मर्यादा लिहायची. चेकआउटचा पी-९५ ८०० मिलिसेकंदांच्या आत, एरर एक टक्क्याच्या आत. मर्यादा ओलांडली की के-६ ९९ हा कोड देऊन बाहेर पडतं आणि पाइपलाइन लाल होते. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर लोड टेस्टिंगमध्ये जेमीटरचीच स्क्रिप्ट देऊन अशा फेल होण्याच्या अटी घालता येतात. हे आकडे डेव्हलपरने एकट्याने ठरवू नयेत. धंदा बघणाऱ्या माणसाला शेजारी बसवून 'गिऱ्हाईक किती थांबेल?' हे विचारून ठरवावेत.

आता लाल-हिरव्याचा खेळखंडोबा टाळायचा असेल तर काही पथ्यं. क्लाउडवरची मशीन रोज अगदी सारखी वागत नाहीत. मर्यादा इतकी घट्ट ठेवली की काही न बदलताही टेस्ट कधी पास, कधी फेल होते, तर लोक 'री-रन मार रे' म्हणत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि मग खऱ्या लाल दिव्याकडेही कोणी बघत नाही. म्हणून थोडी ढील ठेवा आणि शक्य असेल तिथे जुना बिल्ड आणि नवा बिल्ड लागोपाठ त्याच मशीनवर चालवून तुलना करा. पहिलं मिनिट मोजणीतून वगळा, कारण जावासारख्या भाषांमधलं ॲप आणि कॅश (हाताशी ठेवलेला डेटा) तेव्हा तापत असतात, पूर्ण वेगात आलेले नसतात. लोड सोडणारं मशीनही बघा. पाइपलाइनचा चिमुकला रनर (तिची कामं चालवणारं मशीन) स्वतःच शंभर टक्के सीपीयूवर गेला तर तुम्ही साइट नाही, रनर मोजताय. तो कुठे आहे हेही बघा. साइट क्लाउड कंपनीच्या मुंबई रीजनमध्ये (तिथल्या डेटा सेंटरमध्ये) आणि रनर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर प्रत्येक फेरीला दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास नुसता प्रवासच होतो. ॲमेझॉनचं मुंबई रीजन २०१६ पासून आहे, गूगलचं २०१७ पासून. लोडही इथूनच सोडा.

खर्चाची भीती घातली जाते, ती अर्धी खरी आहे. प्रॉडक्शनएवढं एन्व्हायर्नमेंट कायम चालू ठेवणं कोणालाच परवडणारं नाही. टेराफॉर्मसारख्या साधनाने ते रात्री उभं करायचं, टेस्ट घ्यायची, लगेच पाडायचं. पाडण्याची पायरी टेस्ट फेल झाली तरीही चाललीच पाहिजे, अशी लिहा. टेस्ट लाल झाली, पाइपलाइन तिथेच थांबली आणि मोठमोठी मशीन शनिवार-रविवार रिकामी चालत राहिली, हा या कामातला सगळ्यात महाग पडणारा विसर आहे.

सुरुवात करताना एवढं सगळं एकदम करू नका. चेकआउटची एकच वाट घ्या, मर्यादा लिहा, पण पहिले दोन आठवडे पाइपलाइन थांबवू नका, नुसते आकडे साठू द्या. त्यातून साइटची रोजची चाल कळते आणि मर्यादा कुठे ठेवायची तेही. मग थांबवायचा अधिकार द्या. त्यानंतर कधीतरी कोणीतरी '८०० चं १,२०० करून टाकू' म्हणेल. कधी ते योग्यही असेल. तो बदल त्याच रेपॉझिटरीत, वेगळ्या कमिटमध्ये, कारण लिहून आणि दुसऱ्या माणसाच्या मंजुरीने झाला तर सहा महिन्यांनी चेकआउट का रेंगाळतंय हे विचारणाऱ्याला उत्तर तिथेच मिळेल.